इन्स्पेक्शनला नापास आणि पाच कोड: कन्व्हर्टर आणि ट्रान्समिशनवर खर्च करण्याआधी

प्रश्न थोडक्यात असा. न्यू जर्सीत एडिसनजवळ राहणाऱ्या एका वाचकाची २०१२ सालची सेडान इन्स्पेक्शनला नापास झाली. इंजिन २.४ लिटरचं, चार सिलिंडरचं. ट्रान्समिशन सहा गिअरचं ऑटोमॅटिक. गाडी १,१८,००० मैल चाललेली. चेक इंजिनचा दिवा लागलेला होता. गॅरेजमध्ये स्कॅनर लावल्यावर पाच कोड निघाले: पी०१७१, पी०३०२, पी०४२०, पी०७०० आणि पी०७४१. गाडी सिग्नलला उभी असताना थरथरते आणि ताशी ४५ मैलांच्या आसपास, हलक्या चढावर, बारीक हादरे देते. प्लग मूळचेच आहेत, ट्रान्समिशनचं ऑइल कधी बदललेलं नाही. गॅरेजने सांगितलंय की कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (एक्झॉस्टमधला धूर स्वच्छ करणारा डबा) नवा टाका आणि ट्रान्समिशन उतरवून रिबिल्ड करा. वाचक विचारतात: हे करावं, कोड पुसून पुन्हा इन्स्पेक्शनला न्यावी, की गाडीच विकून टाकावी?

आधी उत्तर देतो, मग कारणं. आज कन्व्हर्टर विकत घेऊ नका. ट्रान्समिशन उतरवू देऊ नका. कोड पुसू नका. या पाच कोडांमागे पाच बिघाड आहेत असं मला वाटत नाही. दोन असतील, फार तर तीन, आणि त्यातला पहिला बहुधा सगळ्यात स्वस्त आहे. मात्र तो सापडायचा तर काम ठरावीक क्रमाने व्हायला हवं.

इन्स्पेक्शनमध्ये नेमकं काय बघतात ते आधी सांगतो, कारण महाराष्ट्रातून आलेल्या बहुतेकांच्या डोक्यात पीयूसी असते. तिकडे सायलेन्सरमध्ये नळी घालून धूर मोजतात. इथे तुमच्या गाडीचा धूर कोणी मोजलेलाच नाही. अमेरिकेत १९९६ पासूनच्या सगळ्या कार आणि हलक्या गाड्यांना ओबीडी-२, म्हणजे गाडीने स्वतःला तपासायची यंत्रणा, सक्तीचं आहे, आणि न्यू जर्सीत पेट्रोल गाड्यांची परीक्षा त्यावरच होते. डॅशबोर्डखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटला मशीन जोडतात आणि गाडीच्याच कॉम्प्युटरला विचारतात: चेक इंजिनचा दिवा लावायचा हुकूम तू दिलाय का, आणि तुझ्या स्वतःच्या चाचण्या पूर्ण झाल्यात का? खाजगी गाड्यांची ब्रेक, टायर, दिवे वगैरेची तपासणी न्यू जर्सीने २०१० मध्येच बंद केली. म्हणजे तुमची गाडी नापास झाली ती दिव्यासाठी. नुसता पेंडिंग, म्हणजे अजून पक्का न झालेला, कोड असता आणि दिव्याचा हुकूम नसता तर नापास झाली नसती.

आता कोड. कोड म्हणजे कॉम्प्युटरने घेतलेल्या एका चाचणीचा निकाल. कोणता पार्ट गेला हे तो सांगत नाही. पी०१७१ म्हणजे पहिल्या बँकेत (सिलिंडरच्या ओळीत) मिश्रण लीन, पेट्रोलच्या मानाने हवा जास्त. पी०३०२ म्हणजे दुसऱ्या नंबरच्या सिलिंडरमध्ये मिसफायर, तिथे पेट्रोल नीट पेटत नाही. पी०४२० म्हणजे कन्व्हर्टरची कार्यक्षमता ठरलेल्या रेषेखाली दिसली. पी०७०० हा तर स्वतंत्र बिघाडच नव्हे: ट्रान्समिशनच्या कॉम्प्युटरने इंजिनच्या कॉम्प्युटरला सांगितलं, माझ्याकडे कोड आहे, दिवा लाव. तो खरा कोड म्हणजे पी०७४१: टॉर्क कन्व्हर्टरच्या लॉक-अप क्लचला लागायचा हुकूम दिला, पण तो लागल्यासारखा दिसला नाही. पाचातला एक इथेच गळला.

पुढचं काम फुकटचं आहे आणि तेच सगळ्यात जास्त वेळा राहून जातं: फ्रीझ फ्रेम वाचणं. कोड पक्का झाला त्या क्षणी गाडी काय करत होती याची नोंद कॉम्प्युटर ठेवतो. जागा बहुतेक वेळा एकाच नोंदीची असते, आणि मिसफायर किंवा इंधनाच्या कोडाला प्राधान्य मिळतं. आधीची दुसरी नोंद असली तर ती पुसून हे तिथे बसतात. तुमच्या रिपोर्टमध्ये पी०१७१ ची नोंद आहे. वेग शून्य, इंजिन ७२० आरपीएमवर, कूलंट १९० फॅरनहाइट, लाँग टर्म फ्युएल ट्रिम अधिक २१ टक्के, शॉर्ट टर्म अधिक ९.

या एका ओळीत अर्धं निदान आहे. ट्रिम म्हणजे कॉम्प्युटर आपल्या मूळ हिशेबापेक्षा किती पेट्रोल वाढवतोय किंवा घटवतोय. शॉर्ट टर्म ही त्या क्षणाची दुरुस्ती, लाँग टर्म ही अंगवळणी पडलेली. दोन्हींची बेरीज करायची. धडधाकट गाडीत ती शून्याच्या आसपास, पाच-सात टक्के इकडेतिकडे असते. दहाच्या वर गेली की मी कारण शोधायला लागतो. तुमची बेरीज तीस. म्हणजे कॉम्प्युटर तीस टक्के जादा पेट्रोल ओततोय, तरी ऑक्सिजन सेन्सर म्हणतोय की हवा जास्त आहे. आणि हे इंजिन पूर्ण गरम झाल्यावर, गाडी जागेवर उभी असताना.

जागेवर उभी असताना, हे महत्त्वाचं. एवढ्या इंजिनात आयडलिंगला एमएएफ सेन्सरमधून (आत येणारी हवा मोजणारा सेन्सर) सेकंदाला साधारण दोन-तीन ग्रॅम हवा जाते. कुठे तरी फाटलेल्या होजमधून आणखी अर्धा-पाऊण ग्रॅम चोरून आत आली तर तो हिस्सा फार मोठा ठरतो. तेच इंजिन लोडवर चालवलं की हवा अनेक पटींनी वाढते आणि चोरवाट होती तेवढीच राहते, त्यामुळे टक्केवारी घसरते. म्हणून पहिली चाचणी ही: गाडी पूर्ण गरम, पार्कमध्ये, एसी बंद. आयडलिंगला दोन्ही ट्रिम लिहून घ्या. मग अॅक्सिलरेटर २५०० आरपीएमवर स्थिर धरा, अर्धा मिनिट थांबा, पुन्हा लिहून घ्या. बेरीज तिसावरून आठ-दहावर आली तर एमएएफच्या पुढे कुठे तरी हवा घुसतेय, यात फारशी शंका उरत नाही. ती तिथेच राहिली, किंवा रस्त्यावर लोड आल्यावर आणखी चढली, तर दिशा बदलायची: एमएएफ मळलेला आहे किंवा पेट्रोलचा दाब कमी पडतोय. तुमची फ्रीझ फ्रेम बघता माझा कौल चोरवाटेकडे आहे.

ती शोधायच्या जागा ठरलेल्या आहेत. एअर फिल्टरच्या डब्यापासून थ्रॉटल बॉडीपर्यंत जाणारा जाड रबरी होज, त्याच्या घड्यांमधल्या चिरा. त्या वरून दिसत नाहीत, होज हाताने वाकवावा लागतो. पीसीव्हीचा होज (इंजिनातल्या वाफा परत इनटेकमध्ये नेणारा), जो उष्णतेने कडक होऊन कोपऱ्यात फुटतो. ब्रेक बूस्टरचा होज. इनटेक मॅनिफोल्डचं गॅस्केट. इंजिन ऑइलचं झाकण किंवा डिपस्टिक नीट बसली नसली तरी बऱ्याच इंजिनांत हेच होतं. यूट्यूबवर लोक चालू इंजिनावर कार्ब क्लीनर फवारून गळती शोधतात. तसं करू नका. तापलेल्या एक्झॉस्टवर तो फवारा पेट घेतो. गॅरेजमध्ये स्मोक मशीन असतं: इनटेकमध्ये हलक्या दाबाने धूर सोडायचा आणि तो कुठून बाहेर येतो ते बघायचं. थोड्या वेळाचं काम आहे आणि त्यात अंदाजाला जागा राहत नाही.

पी०३०२ याला जोडूनच येऊ शकतो. इनटेक गॅस्केट दुसऱ्या सिलिंडरच्या तोंडाशी बसलं असेल तर जादा हवा त्याच सिलिंडरला जास्त मिळते आणि मिसफायरही तिथेच होतो. एक बिघाड, दोन कोड. पण तुमचे प्लग मूळचे आहेत. चांगल्या इरिडियम प्लगांचा पल्ला साधारण लाखभर मैलांचा असतो, तो तुम्ही ओलांडलाय. तेव्हा चारही प्लग काढा आणि नंबरवार ओळीत ठेवा. दुसऱ्याच्या पांढऱ्या चिनी मातीवर उभी, पेन्सिलने ओढल्यासारखी काळी रेघ दिसली तर ठिणगी टोकाला न पडता बाजूने पळतेय. अशा वेळी त्याच्या कॉइलचं (ठिणगीसाठी वीज देणाऱ्या भागाचं) रबरी बूटही बदलायचं. तिथे इंजिन ऑइल साचलेलं दिसलं तर व्हॉल्व्ह कव्हरच्या गॅस्केटमधून गळतंय, ते दुरुस्त न करता नवी कॉइल टाकली तर तीही खराब होणार.

रेघ नाही, ऑइल नाही, तर दुसऱ्याची कॉइल चौथ्यावर आणि चौथ्याची दुसऱ्यावर लावा आणि मिसफायरची मोजणी बघा. तुमच्या गाडीत ती स्कॅनरच्या मोड ६ मध्ये सिलिंडरवार दिसते. आकडे चौथ्याकडे गेले तर कॉइल गेली, विषय संपला. दुसऱ्याकडेच राहिले तर प्लग अदलाबदल करून बघा, मग इंजेक्टर, मग कॉम्प्रेशन. कॉम्प्रेशन टेस्टला कंटाळू नका. लाखावर मैल झालेल्या गाडीत एखादा व्हॉल्व्ह नीट बसत नसेल तर वरचे सगळे खर्च वाया जातात, आणि मग गाडीबद्दलचा निर्णयच वेगळा होतो.

एक सूचना आजपासूनच पाळा. दिवा नुसता लागलेला असणं वेगळं आणि चालताना लुकलुकणं वेगळं. लुकलुकतोय म्हणजे न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे जळतंय आणि आतली जाळी वितळू शकेल इतकी तापतेय. अशा वेळी अॅक्सिलरेटर सोडा, हळू चालवा, शक्य तितक्या लवकर थांबा. कन्व्हर्टर वाचवायची संधी तेवढीच असते.

बॅटरीचं दोन वाक्यांत सांगतो. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर १२.४ व्होल्टच्या वर, चालू इंजिनावर साडेतेरा ते पावणेपंधराच्या दरम्यान, असं नसेल तर आधी ते ठीक करा, कारण व्होल्टेज घसरलं की ट्रान्समिशनचा कॉम्प्युटर वाट्टेल ते कोड टाकतो.

आता ट्रान्समिशन, जिथे तुम्हाला सगळ्यात मोठा आकडा सांगितला गेलाय.

टॉर्क कन्व्हर्टर इंजिनची ताकद ऑइलमधून पुढे पाठवतो, त्यामुळे त्यात थोडी घसरण असतेच. स्थिर वेगाला ती घसरण नको म्हणून आत एक क्लच असतो, तो इंजिन आणि ट्रान्समिशनचा इनपुट शाफ्ट थेट जोडतो. पी०७४१ त्याच्याबद्दल आहे. कारणं स्वस्तापासून महागापर्यंत अशी: ऑइल कमी किंवा थकलेलं, चुकीच्या प्रतीचं ऑइल, लॉक-अपचा सोलेनॉइड (विजेवर चालणारा व्हॉल्व्ह) किंवा त्याची वायर, व्हॉल्व्ह बॉडीत झिजलेलं भोक जिथून दाब निसटतो, आणि शेवटी क्लचचं अस्तरच संपलेलं. रिबिल्ड हे शेवटच्या पायरीचं उत्तर आहे. तुमच्या गॅरेजने मधल्या पायऱ्या तपासल्याची एकही नोंद रिपोर्टमध्ये नाही. ट्रान्समिशनचं ऑइल बघितलं का, हेही त्यात लिहिलेलं नाही.

आणि इथेच मिसफायर गोंधळ घालतो. लॉक-अप लागलेला असताना इंजिनचा प्रत्येक झटका मध्ये ऑइलची उशी नसल्यामुळे थेट चाकांपर्यंत जातो. हलक्या चढावर, ४५ मैलांना, कमी आरपीएमवर बारीक हादरे: हे वर्णन घसरणाऱ्या लॉक-अप क्लचचंही आहे आणि अशक्त ठिणगीचंही. सीटवर बसून दोन्ही सारखेच लागतात. शिवाय कॉम्प्युटरला मिसफायर दिसला की बऱ्याच कंपन्यांच्या गाड्यांत तो लॉक-अप मुद्दाम सोडतो. म्हणून आधी मिसफायर पूर्ण घालवायचा आणि मगच ट्रान्समिशनचा न्याय करायचा. हा क्रम उलटा केला की चांगलं ट्रान्समिशन उतरवलं जातं, बसवलं जातं, आणि गाडी तशीच हादरत परत येते.

मिसफायर गेल्यावरची चाचणी. सोबत कोणाला तरी घ्या, स्कॅनर त्यांच्या हातात द्या. तो ट्रान्समिशनच्या कॉम्प्युटरशी बोलणारा हवा. वीस-तीस डॉलरचा साधा ब्लूटूथ स्कॅनर इंजिनपुरता ठीक, पण त्यातले बरेच इथे कमी पडतात. स्क्रीनवर तीन गोष्टी हव्यात: इंजिनचा आरपीएम, इनपुट शाफ्टचा आरपीएम, आणि लॉक-अपचा हुकूम दिलाय की नाही. मोकळ्या सपाट रस्त्यावर पन्नासच्या स्थिर वेगाला हुकूम पूर्ण असताना इंजिन १६५० आणि इनपुट १६४५ दाखवत असेल तर क्लच धरतोय. इंजिन १६५० आणि इनपुट १५०० असेल आणि फरक खाली-वर नाचत असेल तर घसरतोय. काही गाड्यांत कॉम्प्युटर मुद्दामच थोडी घसरण ठेवतो, म्हणून हुकुमाचा कॉलम बघितल्याशिवाय निष्कर्ष काढू नका.

स्कॅनर नसला तरी अंदाज घेता येतो. हादरे चालू असताना अॅक्सिलरेटर तसाच धरून डाव्या पायाने ब्रेकला नुसता स्पर्श करा, मागचा दिवा लागण्यापुरता. बहुतेक गाड्यांत ब्रेकचा स्विच दाबला गेला की लॉक-अप सुटतो आणि आरपीएम एक-दोनशेने उडी मारतो. हादरे त्याच क्षणी थांबले आणि मिसफायर आधीच मिटवलेला असेल, तर बोट लॉक-अपकडेच जातं. मागे गाडी नसताना आणि रस्ता कोरडा असतानाच हे करा.

घसरण दिसलीच तर सुरुवात ऑइलपासून. सहा गिअरच्या बऱ्याच ट्रान्समिशनला डिपस्टिक नसते. कंपनीने सांगितलेल्या तापमानाला, इंजिन चालू ठेवून, गाडी समतळ उचलून, बाजूचा चेक प्लग उघडून पातळी बघावी लागते. थंड असताना बघितलेली पातळी खोटी असते. ऑइल तपकिरी झालेलं असणं एवढ्या मैलांना अपेक्षित आहे. ते काळं असेल, जळकट वास येत असेल आणि बोटांत चोळल्यावर कण लागत असतील, तर क्लचचं अस्तर सुटलंय आणि गॅरेजचं म्हणणं बरोबर असू शकतं. तसं नसेल तर कंपनीच्या नेमक्या प्रतीचं ऑइल, ड्रेन करून भरा. एका ड्रेनमध्ये सगळं निघत नाही, बरंच आतच राहतं, म्हणून काही शे मैल चालवून पुन्हा एकदा. मशीन लावून दाबाने केलेला फ्लश मी एवढ्या जुन्या, कधीच ऑइल न बदललेल्या ट्रान्समिशनवर करत नाही. ‘सगळ्या गाड्यांना चालतं’ असं लिहिलेला डबाही वापरत नाही; लॉक-अप क्लच ऑइलमधल्या घर्षणाच्या रसायनावर फार अवलंबून असतो.

ऑइल बदलूनही फरक नाचत राहिला तर सोलेनॉइडचा ओम मोजा, स्कॅनरने तो चालू-बंद करून बघा. आणि हे करण्याआधी तुमच्या मॉडेलसाठी कंपनीने काढलेल्या सर्व्हिस बुलेटिन शोधा. अमेरिकेच्या एनएचटीएसए या सरकारी संस्थेच्या साइटवर गाडीचं वर्ष आणि मॉडेल घातलं की कंपन्यांनी डीलरांना पाठवलेली पत्रकं दिसतात, व्हीआयएन, म्हणजे गाडीचा ओळख क्रमांक, घातला की रिकॉलही कळतात. फुकट आहे. लॉक-अपच्या तक्रारीवर कधी कधी ट्रान्समिशनच्या कॉम्प्युटरचं नवं सॉफ्टवेअर हेच उत्तर असतं.

क्लच संपलेलाच निघाला, तरी आधी विचारा की नुसता टॉर्क कन्व्हर्टर बदलून भागेल का. ट्रान्समिशन उतरवायची मजुरी तीच, पण आतले क्लच धडधाकट असतील आणि तळाच्या पॅनमध्ये चमकणारा धातू नसेल तर पूर्ण रिबिल्डची गरज पडतेच असं नाही.

कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचा कोड मी मुद्दाम शेवटी ठेवला. पी०४२० कसा येतो बघा: कन्व्हर्टर चांगला असेल तर तो ऑक्सिजन साठवतो आणि सोडतो, त्यामुळे कन्व्हर्टरच्या मागे असलेल्या ऑक्सिजन सेन्सरचा सिग्नल शांत राहतो, गरम गाडीत २५०० आरपीएमवर साधारण ०.६ ते ०.८ व्होल्टवर. साठवण संपली की मागचाही वर-खाली उड्या मारायला लागतो. पण मिश्रण लीन असेल, मिसफायरमुळे न वापरलेला ऑक्सिजन एक्झॉस्टमध्ये जात असेल, किंवा मागच्या सेन्सरच्या आधी पाइपला चीर पडून बाहेरची हवा आत ओढली जात असेल, तर हा सिग्नल विश्वासाचा राहत नाही. तुमच्या गाडीत यातल्या दोन गोष्टी आत्ता नक्की आहेत. अशा परिस्थितीत कन्व्हर्टरला दोषी ठरवणं घाईचं आहे. आणि तो खरंच गेलेला असला, तरी मिसफायर जिवंत ठेवून बसवलेला नवा कन्व्हर्टरही त्याच वाटेने जाणार.

फक्त चोंदलेला नाही ना हे आत्ताच बघून घ्या, कारण तसं असेल तर बाकीच्या आकड्यांवरही परिणाम होतो. पुढच्या ऑक्सिजन सेन्सरच्या भोकात प्रेशर गेज लावायचा. आयडलिंगला दीड पीएसआयच्या आत आणि २५०० ला तिनाच्या आत असेल तर वाट मोकळी आहे. बाकी दुरुस्त्या झाल्यावर, काही शे मैलांनंतर पी०४२० परत आला आणि मागचा सेन्सर तेव्हाही नाचत असेल, तर कन्व्हर्टर बदला, आणि बदलताना फार स्वस्त माल टाळा. त्यात मौल्यवान धातूचा थर पातळ असतो आणि तोच कोड लवकर परत येतो. ज्यांच्या गाड्या तुमच्यापेक्षा नव्या आहेत त्यांच्यासाठी: कन्व्हर्टर आणि इंजिनचा कॉम्प्युटर यांवर ८ वर्षं किंवा ८०,००० मैल, जे आधी होईल तोवर, केंद्र सरकारने ठरवलेली वॉरंटी असते. खिशात हात घालण्याआधी डीलरला विचारा.

आता कोड पुसून गाडी नेण्याबद्दल. तो मार्ग बंदच आहे. कोड पुसले किंवा बॅटरीची तार काढली की कॉम्प्युटरच्या चाचण्या, ज्यांना रेडिनेस मॉनिटर म्हणतात, सगळ्या अपूर्ण होतात. इन्स्पेक्शनचं मशीन तेही बघतं. २००१ आणि नंतरच्या गाड्यांना एकच मॉनिटर अपूर्ण चालतो, १९९६ ते २००० च्या गाड्यांना दोन. कॅलिफोर्नियात तर याहून कडक आहे: २००० आणि नंतरच्या पेट्रोल गाड्यांत फक्त इव्हॅपचा (टाकीतल्या पेट्रोलच्या वाफा अडवणाऱ्या यंत्रणेचा) मॉनिटर अपूर्ण चालतो, आणि जुलै २०१९ पासून २०१० आणि नंतरच्या गाड्यांत स्कॅनरने पुसता न येणारे परमनंट कोडही तपासतात. शिवाय कोड पुसले की फ्रीझ फ्रेमही जाते, म्हणजे वरचं सगळं निदान ज्या नोंदीवर उभं आहे तीच नाहीशी होते.

दुरुस्ती झाल्यावर मात्र कोड एकदा पुसायचे आणि मॉनिटर नीट पूर्ण करून घ्यायचे. टाकी पाव ते पाऊण भरलेली ठेवा. पूर्ण भरलेल्या किंवा रिकाम्या टाकीवर इव्हॅपची चाचणी सुरूच होत नाही. गाडी रात्रभर उभी राहू द्या. सकाळी थंड इंजिन सुरू करून दोन-तीन मिनिटं आयडलिंगला ठेवा, मग शहरातून थोडं चालवून आय-२८७ हायवेला लागा. ५५ ते ६० च्या दरम्यान क्रूझ न लावता, पाय स्थिर ठेवून दहा-पंधरा मिनिटं. मग जागा बघून अॅक्सिलरेटर सोडून गाडी स्वतःहून तीसपर्यंत येऊ द्या, असं दोन-तीनदा. रविवारी सकाळी रस्ता रिकामा असतो तेव्हा हे नीट जमतं. दोन-चार दिवस असं चालल्यावर साध्या स्कॅनरने मॉनिटर बघा. कूलंट १८० च्या आसपास पोचतच नसेल तर थर्मोस्टॅट उघडा अडकलाय, आणि तो बदलेपर्यंत कन्व्हर्टरची चाचणी बहुधा होणारच नाही. मॉनिटर पूर्ण, दिवा बंद, पेंडिंग कोडही नाही, असं झाल्यावरच लाइनीत उभे राहा.

न्यू जर्सीत प्रदूषणाशी संबंधित दुरुस्ती एक तर गाडीमालकाने स्वतः करायची किंवा राज्याकडे नोंदवलेल्या एमिशन रिपेअर फॅसिलिटीत करून घ्यायची. प्लग आणि होज तुम्ही घरी बदलू शकता. नापास झाल्यावर मिळालेल्या कागदावर काय केलं ते लिहा आणि पार्टच्या पावत्या जपा. बाकी कामासाठी नोंदणीकृत गॅरेज निवडा आणि तिथे जाऊन ‘पी०४२० दुरुस्त करा’ असं सांगू नका. ‘निदानाचे पैसे देतो, आयडलिंगला आणि २५०० ला ट्रिम किती, स्मोक टेस्टमध्ये काय दिसलं, सिलिंडरवार मिसफायर किती आणि लॉक-अपला आरपीएमचा फरक किती, हे लिहून द्या’ असं सांगा. तास-दीड तासाच्या निदानाचे पैसे द्यायला आपली माणसं कुरकुर करतात, कारण कोड तर पार्टच्या दुकानात फुकट वाचून मिळतो. पण फुकट मिळतो तो फक्त कोड. हे चार आकडे जो मेकॅनिक काढून देईल त्याच्याकडे ट्रान्समिशनही निर्धास्त सोपवा. जो आकडे न काढता किंमत सांगेल त्याच्याकडून दुसरं मत घेईपर्यंत सही करू नका.

विकायचं का? स्मोक टेस्ट, चार प्लग, लागली तर एक कॉइल आणि ट्रान्समिशनचं ऑइल एवढ्याआधी तरी नाही. दिवा लागलेली आणि नापासाचं स्टिकर असलेली गाडी घेणारा दोन्ही मोठ्या दुरुस्त्यांची किंमत वजा करूनच भाव सांगतो, त्या लागणार असोत वा नसोत. कॉम्प्रेशन कमी निघालं, किंवा पॅनमध्ये धातू सापडला, तर हिशेब बदलतो. तेव्हा गाडीचा बाजारभाव आणि दुरुस्तीचा आकडा शेजारी मांडून बघा, आणि घेणाऱ्याला दोन्ही रिपोर्ट दाखवा.

स्टिकरवर पुन्हा तपासणीची शेवटची तारीख आहे. तिच्या आधीचा एक पूर्ण आठवडा मॉनिटरसाठी राखून ठेवा आणि बाकीचं काम त्याच्या अलीकडे बसवा. सुरुवात २५०० आरपीएमच्या चाचणीने करा, ती आज संध्याकाळी घराच्या ड्राइव्ह-वेमध्येच होईल.